लाकडी मालडब्याला पुन्हा पुन्हा बाक येतो, तेव्हा

मॉडेल रेल्वेची फ्लॅटकार, म्हणजे बाजू नसलेला सपाट मालडबा, बांधून झाली. रंग वाळला, अक्षरं चढली, बोग्या आणि कपलर (डबे जोडणारे आकडे) बसले. पंधरा दिवसांनी रुळावर ठेवली तर दोन्ही टोकं होडीसारखी वर आलेली. कपलर शेजारच्या डब्याशी नीट जुळेना आणि वळणावर डबा सुटायला लागला. उलटी करून वजनाखाली ठेवली, आठवडाभर बरी राहिली, मग पुन्हा तेच.

माझ्या पहिल्या पाच लाकडी डब्यांपैकी तिघांची ही गत झाली आणि प्रत्येक वेळी मी किटमधल्या फळीला दोष दिला. तिसरा डबा अखेर पात्याने सोडवून सुटा केला. खालची मूळ फळी एकटी काचेवर ठेवली आणि ती सपाट बसली. तिला वाकवत होतं ते मीच वर चिकटवलेलं डेक, म्हणजे डब्याची वरची फळ्यांची जमीन. त्या दिवसापासून मी डबा बांधायचा क्रम बदलला. त्यानंतर बांधलेल्यांपैकी एकही डबा मला सोडवावा लागलेला नाही.

इथे जे लिहितोय ते एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ च्या, अमेरिकी पद्धतीच्या लाकडी मालडब्यांबद्दल आहे: बॉक्सकार (छताचा बंद डबा), फ्लॅटकार, गोंडोला (छत नसलेला, बुटक्या बाजूंचा डबा). मोठ्या मापात आकडे बदलतील, कारण तेच राहील.

लाकूड नेमकं किती हलतं

या किटांमधलं लाकूड बहुतेक बासवुड असतं. मऊ, एकसारखं, पात्याने लोण्यासारखं कापलं जाणारं. त्याचा दोष एकच. दमट हवेत ते फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, आणि हे इतर पुष्कळ लाकडांपेक्षा जास्त. ओल्या लाकडापासून पूर्ण कोरड्यापर्यंत बासवुड वलयांच्या दिशेने ९.३ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे ६.६ टक्के आक्रसतं. रेष्यांच्या लांबीत मात्र जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के.

सगळा खेळ या फरकात आहे. लाकडातला ओलावा १ टक्क्याने बदलला की रेष्यांना आडवं माप साधारण ०.३ टक्क्याने बदलतं. खोलीतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के ओलावा राहतो आणि आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तो सुमारे १६ टक्के होतो. आता ४० फुटी डबा घ्या. एचओमध्ये त्याची लांबी साधारण १४० मिलिमीटर भरते. त्याच्या लांबीला आडवे रेषे असलेली पातळ शीट या दोन टोकांच्या हवेत मोकळी ठेवली तर तिची लांबी ४ मिलिमीटरच्या आसपास बदलू शकते. आणि डब्याची मुख्य फळी, जिचे रेषे लांबीच्याच दिशेने आहेत, ती ०.१ मिलिमीटरसुद्धा हलत नाही.

हे दोन थर एकमेकांना घट्ट चिकटवले तर काय होईल? एकाला लहान व्हायचंय, दुसरा हटत नाही. मग जोडी वाकते.

फ्लॅटकारमध्ये नेमकं हेच असतं. खऱ्या डब्याच्या डेकच्या फळ्या आडव्या असतात, म्हणून किटमध्ये आडव्या खाचांची शीट येते आणि तिचे रेषेही आडवेच. खाली लांब रेष्यांची फळी. आपण पाण्याचा पांढरा गोंद पसरतो. डेक तो ओलावा पिऊन फुगतं आणि फुगलेल्या अवस्थेतच चिकटतं. मग वाळताना आक्रसतं आणि दोन्ही टोकं आपल्याकडे ओढून घेतं. होडी तयार. दोन थरांच्या बॉक्सकारच्या बाजूही अशाच असतात, कारण बाहेरच्या उभ्या फळ्यांसाठी दिलेल्या शीटचे रेषे उभे असतात.

आधी बाकाची दिशा वाचा

एक जाड काच घ्या. बोग्या काढून डबा तिच्यावर ठेवा आणि साध्या कागदाचे तुकडे फटीत सरकवा. नेहमीचा ८० जीएसएमचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे किती तुकडे गेले यावरून माप मिळतं. एखाद-दुसरा तुकडा गेला तर मी तो डबा तसाच सोडतो. पाच-सहा गेले तर उघडून पाहतो.

टोकं वर आणि मध्य खाली असेल तर वरचा थर ओढतोय. म्हणजे डेक, किंवा वरूनच रंगवलेली फळी.

मध्य वर आणि टोकं खाली असतील तर खालून ओढ आहे. यात जवळपास नेहमी ट्रस रॉड, म्हणजे तळाखालून जाणारे ताणाचे दांडे, जास्त ताणलेले असतात. त्यावर पुढे वेगळं लिहिलंय.

बाजूची शीट दार आणि टोक यांच्या मधे आत ओढली गेली असेल आणि कोपऱ्यातला सांधा उघडत असेल तर रंग एकाच अंगाला बसलाय. इथे एक गोष्ट सुरुवातीला फसवते. बाहेरून पाण्याचा रंग लावला की ओली बाजू फुगते, म्हणून शीट आधी बाहेरच्या बाजूला फुगवटा धरते. पण कडा अडकलेल्या असल्यामुळे तिला मोकळेपणी फुगता येत नाही आणि तिचे रेषे आतल्या आत दबतात. वाळल्यावर ते दबलेलेच राहतात. मग तीच बाजू आधीपेक्षा आखूड होते आणि बाक उलटा फिरतो. रंगवलं तेव्हा डबा फुगला होता, वाळल्यावर पोकळ झाला, असं कुणी सांगितलं तर ती दोन वेगळी दुखणी नाहीत. एकाच दुखण्याचे दोन टप्पे आहेत.

एक कोपरा उचललेला असेल तर तो पीळ. सुतार पीळ पाहायला दोन सरळ पट्ट्या वापरतात. तसंच करा: पोलादी पट्टीचे दोन सारखे तुकडे डब्यावर आडवे ठेवा, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला, आणि डोळा खाली आणून त्यांच्या वरच्या कडा जुळतात का पाहा. १४० मिलिमीटरमध्ये लपलेला पीळ लांब पट्ट्यांवर लगेच दिसतो. पीळ बहुतेक वेळा ओलाव्यामुळे येत नाही. छत चिकटवताना डबा हातात धरलेला असतो आणि हातातला तिरपेपणा छतासोबत कायमचा बसतो.

दिशेइतकंच कधी घडलं हेही विचारा. काही तासांत वाकला तर गोंदातलं किंवा रंगातलं पाणी. काही आठवड्यांत किंवा ऋतू बदलल्यावर वाकला तर लाकूड उघडं राहिलंय. ट्रस रॉड ओवल्याच्या दुसऱ्या दिवशी वाकला तर आणखी शोधायला नको. आणि बरीच वर्षं ठणठणीत असलेली बॉक्सकार अचानक फुगायला लागली तर आतलं शिसं तपासा.

एक मिलिमीटर एवढा महत्त्वाचा का

खऱ्या अमेरिकी मालडब्याच्या कपलरची उंची रुळाच्या माथ्यापासून कमीत कमी ३१.५ आणि जास्तीत जास्त ३४.५ इंच असावी लागते. म्हणजे एकूण सूट ३ इंचांची. आपल्या मापात तेवढं अंतर ०.९ मिलिमीटरपेक्षाही कमी होतं. टोक एक मिलिमीटर उचललं की मॉडेलने खऱ्या रेल्वेची सगळी सूट ओलांडली. एचओमध्ये कपलरची मध्यरेषा रुळाच्या वर २५/६४ इंचावर, म्हणजे जवळपास ९.९ मिलिमीटरवर हवी, आणि ती उंचीमापक लावून तपासता येते.

बरेच जण बाकलेल्या डब्याचा कपलर वॉशर घालून उंचीवर आणतात. मीही केलंय. पण बाक ऋतूप्रमाणे बदलतो आणि वॉशर बदलत नाही. शिवाय टोक तिरपं असल्यामुळे कपलरही तिरपाच राहतो. आधी डबा सरळ करा, मग वॉशर.

नव्याने बांधताना माझा क्रम

किट उघडल्यावर सगळं लाकूड बाहेर काढून ठेवा, ज्या खोलीत डबा पुढे राहणार आहे त्याच खोलीत, हवा खालूनही लागेल अशा जाळीवर. आठवडाभर तरी. जुनी, कुणाच्या तरी कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेली अ‍ॅम्ब्रॉइडसारखी किटं मिळाली तर हे जास्तच पाळा. ते लाकूड दुसऱ्या कुठल्या तरी हवेला रुळलेलं असतं. या काळात जी फळी आपणहून वाकेल ती बाजूला काढा आणि तिच्यातून लहान तुकडे कापा. छोट्या तुकड्यात वाकडेपणा उरत नाही.

मग सील करणं, आणि ते जोडण्याआधी. या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. प्रत्येक तुकड्याच्या सहाही बाजूंना लॅकरवाला सँडिंग सीलर किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेला पातळ चपडा लावा. दोन्हींत पाणी नसतं. कापलेली टोकं, जिथे रेष्यांची तोंडं उघडी असतात, तिथे दोनदा लावा, कारण लाकूड सगळ्यात जास्त तिथूनच पितं. एक हात मारा, वाळू द्या, ४०० नंबरचा पेपर हलका फिरवा, दुसरा हात मारा. बासवुडची लव सीलरने ताठ उभी राहते आणि पेपरने साफ निघते. ०.२ मिलिमीटरची लव खऱ्या मापात १७ मिलिमीटरची होते, म्हणजे फळीवर बोटभर जाडीचं गवत उगवल्यासारखं दिसतं. ते जातं हा वरचा फायदा.

सीलर ओलावा पूर्ण थांबवत नाही. तो त्याचा वेग कमी करतो आणि दोन्ही बाजूंना सारखा ठेवतो. सारखेपणा महत्त्वाचा. म्हणून बॉक्सकारची आतली बाजू कुणाला दिसणार नसली तरी तिला तेवढेच हात द्या जेवढे बाहेरच्या बाजूला दिलेत.

लाकूड जुनाट करायला शाई आणि स्पिरिटचं मिश्रण वापरत असाल तर ते सीलरच्या आधी, आणि गोंदाच्या तर नक्कीच आधी. गोंद लागलेल्या जागी शाई चढत नाही आणि तो पिवळट डाग शेवटपर्यंत दिसतो. मिश्रणासाठी ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं ३० टक्के पाणीच असतं. ब्रशने एका बाजूला लावू नका, तुकडा अख्खा बुडवा आणि जाळीवर उलटसुलट करत वाळवा.

गोंदाची निवड आता सोपी होते. आडव्या रेष्यांच्या मोठ्या पृष्ठभागांसाठी, म्हणजे डेक आणि उभ्या फळ्यांच्या बाजूंसाठी, कॉन्टॅक्ट सिमेंट, म्हणजे रबरासारखा लवचीक गोंद. दोन्हीकडे पातळ थर, वाळू द्यायचा, मग बसवायचं. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून कडेला गुण्या लावून मगच टेकवा. त्याची थोडी लवचीकताही उपयोगी पडते: थर हलला तरी गोंद थोडा देतो, सगळी ओढ फळीवर टाकत नाही. लहान भागांना सुपरग्लू. पाण्याचा पांढरा गोंद मी वाईट म्हणत नाही. जिथे लांब रेषे लांब रेष्यांना चिकटतात, उदाहरणार्थ खालच्या सिल (तळाखालून लांबीने जाणाऱ्या तुळया), तिथे तो उत्तम आहे, पण काडीच्या टोकाने, पुसट.

आणि सिल सगळ्यात आधी. बहुतेक जण वरचं सगळं झाल्यावर डबा उलटा करून तळाकडे वळतात, मीही तेच करायचो. पण कुठल्याही पट्टीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाने वाढतो. दुप्पट उंचीची पट्टी आठपट ताठ. मधली सिल उभी लावली की ती फळीचा कणा होते, आणि तो कणा डेक बसण्याआधी हवा. यूएसआरएने, म्हणजे पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या रेल्वे चालवणाऱ्या सरकारी संस्थेने, १९१८ मध्ये ठरवलेल्या दोन थरी बॉक्सकार, ज्या २४,५०० बांधल्या गेल्या, त्यांची मधली पोलादी सिल माशाच्या पोटासारखी मध्याकडे खोल होत गेलेली होती. तिचं मॉडेल करत असाल तर ही खोल सिल म्हणजे तुमच्याच फायद्याचा भाग आहे. ती आधी बसवा.

पहिल्यांदाच लाकडी डबा बांधणाऱ्यांना मी यूएसआरएचाच दुसरा नमुना सुचवतो: एकथरी बॉक्सकार, २५,००० बांधल्या गेल्या. तिच्या बाजूच्या फळ्या आडव्या, म्हणजे डब्याच्या लांबीच्या दिशेने आहेत. फळीचे रेषे आणि बाजूचे रेषे एकाच दिशेने धावतात, दोघांचं हलणं एकसारखं, मग भांडण कशाचं? बाहेरून पोलादी तिरप्या पट्ट्या, त्यावर नट-बोल्टचे बारीक दाणे, डिटेलिंगला भरपूर वाव. दिसायला अवघड, वागायला गरीब.

छत लावताना डबा हातात धरू नका. काचेवर ठेवा, वरून सपाट वजन द्या आणि गोंद पूर्ण बसेपर्यंत उचलू नका. पीळ इथेच टळतो.

रंग देताना स्प्रेचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. पहिला हात शक्यतो सॉल्व्हंटच्या प्रायमरचा. पाण्याचे ॲक्रिलिक रंग नंतर बिनधास्त वापरा, कारण तोवर पाण्याला लाकडापर्यंत वाट उरलेली नसते. वाट उरते ती आपणच पाडलेल्या छिद्रांतून. चढताना धरायच्या तारेच्या कड्यांसाठी ०.३५ मिलिमीटरची छिद्रं पाडली की प्रत्येक छिद्रात उघडं लाकूड असतं. तार बसवून मागून पातळ सुपरग्लूचा थेंब सोडला की कडीही पक्की होते आणि छिद्रही बुजतं. बोग्यांच्या स्क्रूच्या छिद्रातही तोच थेंब टाका, वाळू द्या, मग स्क्रू फिरवा. बासवुडमधले आटे नाही तर दोन-तीन वेळा उघडझाप केल्यावर गुळगुळीत होतात.

ट्रस रॉड

खऱ्या लाकडी डब्यांनाही हाच आजार होता, फक्त उलट दिशेचा. ओझ्याखाली मध्य खाली बसायचा. म्हणून तळाखालून लोखंडी ट्रस रॉड जायचे: टोकाच्या बीमपासून बोल्स्टरवरून (बोगीवरची आडवी तुळई), मग खाली क्वीन पोस्टखालून (तळाखाली उतरलेला आधाराचा खुंट), आणि मध्यभागी टर्नबकल (फिरवून ताण बदलायचा जोड). डबा खाली बसला की कामगार टर्नबकल फिरवून रॉड ताणायचे. तीच रचना आपण मॉडेलवर नायलॉनच्या दोऱ्याने करतो आणि तीच ओढ मॉडेललाही लागू होते. फरक असा की आपल्या डब्यावर खाली खेचणारं ओझं नसतं. दोरा ताठ दिसावा म्हणून ओढला की मध्य वर येतो आणि तसाच राहतो.

नायलॉनची आणखी एक खोड आहे. तो ओलावा पितो आणि लांबतो. दमट दिवसांत रॉड सैल दिसतात, आपण आणखी ताणतो, हवा कोरडी झाली की दोरा आखडतो आणि डब्याला पोक येतो. माझ्या एका डब्याचा पोक वर्षातून दोनदा येत-जात होता आणि मी तो लाकडाचा दोष समजून बसलो होतो. दोरे कापले आणि त्याच संध्याकाळी डबा काचेवर सपाट बसला.

आता मी फॉस्फर ब्राँझची तार वापरतो. दीड इंची खरा रॉड एचओमध्ये ०.४४ मिलिमीटर होतो, तेवढ्याच जाडीची तार घ्यायची. तळाच्या नकाशावर ठेवून पक्कडीने बोल्स्टर आणि क्वीन पोस्टशी येणारे कोन आधीच वाकवायचे. टर्नबकल तारेत ओवायचा आणि मग ती क्वीन पोस्टवर नुसती टेकवून दोन्ही टोकांना चिकटवायची. ताण शून्य, तरी बाणासारखी सरळ. नायलॉनच वापरायचा असेल तर एक टोक पक्कं करा, दुसऱ्या टोकाला फक्त झोळ जाईल एवढंच ओढा, आणि हे करताना डबा काचेवर उलटा दाबून धरा. ब्रेकचे भाग रॉडच्या आधी बसवा, नंतर हात पोचत नाही. रॉडवाला जुना डबा १९३३ च्या आधीच्या काळात दाखवत असाल तर नंतरच्या एबी पद्धतीच्या हवेच्या ब्रेकचे तीन सुटे भाग नकोत, जुन्या के ब्रेकचं एकत्र सिलिंडर-टाकीचं धूड हवं.

आधीच वाकलेला डबा

रंग न दिलेला असेल तर सोपं आहे. फळीच्या दोन्ही बाजू हलक्या ओल्या करा, टिपकागदात गुंडाळून दोन काचांमध्ये ठेवा आणि वजन द्या. मध्यभागी खाली पातळ कार्डाची एक पट्टी ठेवली तर फळी किंचित उलट्या बाजूला वाकून वाळते आणि सोडल्यावर सपाटावर येते. तीन-चार दिवस हात लावू नका. मग लगेच सहाही बाजूंनी सीलर.

रंगवून पूर्ण झालेल्या फ्लॅटकारसाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय ऐकायला धाडसी वाटतो. नवं पातं घ्या, पोलादी पट्टी लावा आणि डेकच्या शीटवरच्या दर तिसऱ्या-चौथ्या खाचेत डेकच्या पूर्ण जाडीइतका काप द्या. खालच्या फळीत जाऊ नका. अखंड शीट डब्याच्या पूर्ण लांबीभर ओढत असते. काप दिले की ती बऱ्याच वेगळ्या फळ्यांची होते आणि प्रत्येक फळी फक्त स्वतःपुरतं आक्रसते. फट केसाएवढी उघडते आणि खऱ्या डेकसारखीच दिसते. काप देऊन काचेवर वजनाखाली दोन दिवस ठेवा, कापांत पातळ सीलर झिरपू द्या, आणि तळाला सिलच्या मधे पोलादी पट्टी कॉन्टॅक्ट सिमेंटने लावा. ती वजनही देते आणि डबा पुन्हा वाकू देत नाही. हाच धडा घेऊन आता मी डेक शीटचं करतच नाही, सुट्या पट्ट्यांचं करतो, आणि प्रत्येक पट्टीला मधोमध एकच रेघ सिमेंट लावतो. वेळ लागतो, पण एकेक फळी वेगळ्या छटेची करता येते आणि डब्याला जो जिवंतपणा येतो तो शीटवर कधीच येत नाही.

पीळ पडलेली बॉक्सकार मात्र उघडावीच लागते. छत सोडवा, काचेवर बसवा, पुन्हा चिकटवा. किरकोळ पीळ असेल तर बोग्यांनी सांभाळता येतो: एका बोगीचा स्क्रू इतका घट्ट की ती फक्त वळेल, डोलणार नाही, दुसरीचा थोडा सैल, की ती सगळ्या बाजूंना डोलेल. तीन पायांच्या तिपाईसारखं डबा रुळावर बसतो.

वजन

एनएमआरएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या, शिफारशीप्रमाणे एचओ डब्याला १ औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस वजन हवं. ४० फुटी डबा साडेपाच इंचांचा, म्हणजे ३.७५ औंस, सुमारे १०६ ग्रॅम. लाकडी डबा मुळात हलका असतो, त्यामुळे बरंच वजन आत घालावं लागतं आणि त्यातून दोन अडचणी येतात.

पहिली, धातू ओलाव्याने हलत नाही आणि लाकूड हलतं. लांब पट्टी बाजूच्या उभ्या शीटला कडक इपॉक्सीने चिकटवली की आपणच नवीन भांडण लावून दिलं. वजन नेहमी तळाच्या फळीवर, लांब रेष्यांच्या दिशेने, लवचीक सिमेंटने.

दुसरी अडचण शिशाची. बंद डब्यात पांढऱ्या गोंदातून आणि लाकडातूनही अ‍ॅसिटिक आम्लाची सूक्ष्म वाफ निघत राहते. तिच्या संगतीत शिसं हळूहळू पांढऱ्या भुकटीत बदलतं आणि ही भुकटी मूळ शिशापेक्षा जास्त जागा घेते. पांढऱ्या गोंदात कालवलेल्या शिशाच्या गोळ्या असतील तर बाजू आतून ढकलल्या जातात. सांध्यांतून पांढरी पूड दिसली तर डबा उघडा, हातमोजे घाला, पूड ओल्या कापडाने टिपून घ्या, कोरडी घासू किंवा फुंकू नका, कारण ती विषारी असते. नवीन वजन पोलादाच्या नटांचं किंवा पट्टीचं बसवा. आतलं लाकूड तेव्हाच सील करून टाका, आणि छत पुन्हा लावण्याआधी डबा महिनाभर काचेवर उघडा ठेवून कागदाच्या तुकड्यांनी दर आठवड्याला मोजा.